रात्री दहानंतरचं उज्जैन

रात्री दहानंतर जुन्या उज्जैनमध्ये देवळाखेरीज काहीही चालू असू नये, असं माझं कितीतरी वर्षं ठाम मत होतं. ते मी मनात ठेवलं नव्हतं. मोहल्ल्याच्या बैठकांत मांडलं, अर्जांवर सह्या केल्या, छत्री चौकात उशिरापर्यंत खाण्याचे गाडे लागू नयेत म्हणून आसपासच्या बायकांना गोळा करून निवेदनही दिलं. मी शाळेत शिकवलेली मुलं आता त्याच भागात दुकानं चालवतात. ‘बैनजींनी सांगितलंय’ म्हटल्यावर त्यांतली काही खरंच लवकर शटर ओढत. आज मी तशी सही करणार नाही. याच जुन्या वस्तीत रात्र रंगवणारा एक मंच पुन्हा उभा राहावा, असं मला आता वाटतं, आणि ज्यांच्याबरोबर मी तेव्हा उभी होते त्यांना माझं मत का बदललं हे सांगणं मला भाग आहे.

आधीच्या मतामागची कारणं खोटी नव्हती. आमचं घर कार्तिक चौकाजवळचं. पणजोबा शिंदे सरकारच्या नोकरीत इथे आले आणि इथलेच झाले. बाईच्या दृष्टीने पाहिलं तर रात्रीची गल्ली म्हणजे दारू पिऊन आलेले, वरातीतले डीजे आणि मोटारसायकलींचे हॉर्न. कॉलेजातून किंवा क्लासमधून परतणारी मुलगी घरात येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो. शिवाय इंदूरचा सराफा पाहून आलेला प्रत्येक जण म्हणायचा, उज्जैनलाही असा बाजार हवा. तिथे सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर मध्यरात्रीपर्यंत भुट्ट्याचा कीस आणि गराडू मिळतात. ती गर्दी आमच्या पटनी बाजारात येईल या कल्पनेनेच मला धडकी भरायची. उज्जैन हे तीर्थ आहे, तीर्थाला रात्र नसते, पहाट असते, असं मी म्हणत असे, आणि मनापासून म्हणत असे.

हे मत एका दिवसात बदललं नाही. पहिला धक्का पुस्तकांनी दिला. निवृत्तीनंतर शेजारच्या मुलींना संस्कृत शिकवायला घेतलं आणि ‘मेघदूत’ पुन्हा शब्दन्‌शब्द वाचावं लागलं. कालिदासाचा यक्ष मेघाला या गावात थांबायला सांगतो तो संध्याकाळसाठीच. सूर्य मावळेपर्यंत थांब, महाकालाच्या सायंपूजेत तुझा गडगडाट नगाऱ्यासारखा कामी येईल, असं त्याचं सांगणं. त्या पूजेत देवळातल्या नर्तकी आहेत. त्यानंतर रात्र पडते, अंधार दाटतो आणि बायका प्रियकरांकडे निघतात. यक्षाची मेघाला विनंती आहे की विजेने त्यांना वाट दाखव, पण गरजू नकोस, त्या घाबरतील. ज्या गावात रात्री बायका रस्त्यावर आहेत आणि कवीला त्यांची काळजी आहे पण राग नाही, त्या गावाची मी राहणारी. ही गोष्ट मी मुलींना सांगत होते आणि स्वतःही नव्याने ऐकत होते.

मग ‘मृच्छकटिक’. मराठी माणसाला ते देवलांच्या संगीत नाटकामुळे घरचं वाटतं. माझ्या आजीला त्यातली पदं तोंडपाठ होती. पण शूद्रकाचं मूळ नाटक उज्जयिनीच्या रस्त्यांचं आहे आणि त्यातलं बरंच काही दिवे लागल्यावर घडतं. वसंतसेना शकारापासून पळत अंधारातून चारुदत्ताच्या दारी येते. तिसऱ्या अंकात चारुदत्त रेभिलाचं गाणं ऐकून इतक्या उशिरा घरी परततो की मैत्रेय पेंगुळलेला आहे, आणि चारुदत्त मात्र अजून त्या गाण्याबद्दलच बोलतोय. त्याच रात्री शर्विलक भिंत फोडून चोरी करतो. या नाटकात जुगारी आहेत, गुंड आहेत, चोर आहे, आणि तरीही गाण्याची मैफल बंद करा असं कोणी म्हणत नाही. रात्रीत धोका असतो हे शूद्रकाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पुस्तकातलं पुस्तकात, असं म्हणून मी तेवढ्यावर थांबले असते. पण गावच बदललं. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकचं उद्घाटन झालं. रुद्रसागराच्या काठाने नऊशे मीटरहून लांब रस्ता, १०८ स्तंभ, भिंतींवर शिवकथा, रात्री लखलखाट. त्याचा मला अभिमान वाटला आणि वाटतो. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, त्यानंतर या परिसराकडे इतकं लक्ष प्रथमच कोणी दिलं असावं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. महाकाल घाटीपासून हरसिद्धीपर्यंत घरं हॉटेलं झाली. ओळखीची कुटुंबं घर भाड्याने देऊन किंवा विकून फ्रीगंजला नाहीतर त्याही पलीकडच्या कॉलन्यांत गेली.

एकदा नागपूरहून आलेल्या भाचीबरोबर भस्म आरतीला गेले. आरती पहाटे चारला, म्हणून आम्ही रात्री एकच्या सुमारास निघालो. मला वाटलं होतं गल्ली झोपलेली असेल. एकूण एक दुकान उघडं. धोतर-सोवळं आणि साड्या भाड्याने देणारे, चहाच्या टपऱ्या, कपाळावर चंदनाचा ‘महाकाल’ छाप उठवणारी पोरं, ई-रिक्षावाल्यांचा गलका. दहानंतर काही नको म्हणत मी एवढी वर्षं झगडले आणि वस्ती रात्रभर जागीच होती. मात्र त्या गर्दीत मला ओळखीचं एकही माणूस दिसलं नाही. माझ्या वस्तीची रात्र होती, पण ती पाहुण्यांची होती. त्यांचा काही दोष नाही. ते श्रद्धेने येतात, थंडीत कुडकुडत रांगेत उभे राहतात. मला जाणवलं ते एवढंच की आम्ही राहणाऱ्यांनी रात्र नको म्हणून सोडून दिली, आणि सोडलेली वस्तू रिकामी राहत नाही.

आमची स्वतःची रात्र कशी होती, हे विचारायला मी शेजारच्या जीजीकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे, दात नाहीत, आवाज खणखणीत. तिने एकच विषय काढला, माच.

माच हे माळव्याचं लोकनाट्य आणि त्याचं माहेर हीच वस्ती. भागसीपुऱ्यातले गुरू गोपालजी, जयसिंहपुऱ्यातले गुरू बालमुकुंद, दौलतगंजचे उस्ताद कालूराम: प्रत्येक मोहल्ल्याचा आपला आखाडा, आपले खेळ, आपले गाणारे. होळीच्या सुमारास हंगाम. आधी खांब रोवून त्याची पूजा, म्हणजे या जागी माच होणार हे सगळ्यांना कळायचं. मग उंच मंच बांधायचा. रात्री सुरुवातीला भिश्ती येतो, गात गात पाणी शिंपडतो, मग फर्राशन जाजम अंथरते, मग चोपदार. तेवढ्यात मोहल्ला गोळा झालेला असतो. ढोलक आणि सारंगी लागते. नट बोल घेतो आणि मागे बसलेले साथीदार त्याची टेक उचलून धरतात, म्हणजे एका गळ्यातून निघालेली ओळ दहा गळ्यांतून गल्लीच्या टोकापर्यंत जाते. भोंगा नाही, माइक नाही. राजा हरिश्चंद्र, राजा भर्तृहरी, ढोला-मारू. बायकांची कामं पुरुष करायचे. ‘आणि तुम्ही बायका?’ मी विचारलं. जीजी म्हणाली, सगळ्या यायच्या. गोधड्या, पाण्याचा लोटा, लेकरं मांडीवर. गॅलऱ्यांत, छतांवर, ओटल्यांवर. लेकरं झोपून जायची, बायका नाही. उजाडलं की खेळ संपायचा आणि तशाच उठून त्या चूल पेटवायच्या.

मी विचारलं, भीती नाही वाटायची? तिला प्रश्नच कळला नाही. सगळा मोहल्ला रस्त्यावर असताना भीती कसली, म्हणाली.

त्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. बायकांच्या सुरक्षिततेसाठी मी रस्ता रिकामा करायला निघाले होते. रिकामा रस्ताच बाईला घाबरवतो. ज्या रस्त्यावर ओळखीची माणसं, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बसलेल्या असतात तिथे दारुड्याची हिंमत होत नाही. माझ्या मतातला सगळ्यांत मोठा खांब असा पडला.

यानंतर मी एका समारंभात माच पाहिला. सभागृह सुंदर, कलाकार उत्तम, पण सगळं दीड तासात आटोपलं. भिश्ती आला आणि गेला, पाणी शिंपडायला जमीन नव्हती, गालिचा होता. शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ टेकेबरोबर गुणगुणत होते. पुढच्या रांगेतून कोणीतरी वळून पाहिलं आणि ते गप्प झाले. मला फार वाईट वाटलं. उज्जैनच्या ओमप्रकाश शर्मांना माचसाठी २०२४ साली पद्मश्री मिळाली. कलेचा सन्मान होतो आणि तिची जागा आणि वेळ मात्र तिला परत मिळत नाही, हे मला आता खटकतं. माच ही मोहल्ल्याची कला आहे. गुणगुणणाऱ्याला गप्प बसवणाऱ्या खुर्च्यांत ती अर्धीच उरते.

आता विरोधाचे मुद्दे. ते माझेच जुने मुद्दे असल्यामुळे मला चांगले माहीत आहेत.

दारूचा मुद्दा सर्वांत जुना. २४ जानेवारी २०२५ रोजी महेश्वरला झालेल्या बैठकीत राज्य मंत्रिमंडळाने १९ धार्मिक ठिकाणी दारूबंदी ठरवली आणि १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन महापालिकेच्या हद्दीतली दारूची दुकानं बंद झाली. मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. पण मग रात्रीचा कार्यक्रम म्हणजे दारू, हे कारण तरी आता पुढे करू नये. निर्णयाचा खरा उपयोग तेव्हाच, जेव्हा मोकळ्या झालेल्या संध्याकाळी घरातल्या माणसांना जायला काहीतरी असेल.

आवाजाचा मुद्दा जास्त गंभीर आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे आणि वाद्यं बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. बंदिस्त सभागृहाला ही अडचण नाही. मुख्यमंत्री मोहन यादव इथलेच. १३ डिसेंबर २०२३ ला शपथ घेतल्यावर त्यांचा पहिला आदेश भोंग्यांविषयीचाच होता. तो मला पटला होता, आजही पटतो. रोजचा गोंगाट मला नकोच आहे. सकाळी दुकान उघडणाऱ्याला आणि परीक्षेच्या मुलाला झोप हवी. मी मागते त्या वर्षातल्या ठरलेल्या, आधी सांगितलेल्या मोजक्या रात्री.

आणि पावित्र्याचा मुद्दा. तो मी सगळ्यात जोराने मांडायची, म्हणून त्याचं उत्तरही मीच द्यायला हवं. वैकुंठ चतुर्दशीला रात्री अकराच्या सुमारास महाकालाची सवारी निघते. गुदरी, पटनी बाजार करत बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिरात पोचते. तिथे हराची बेलाची माळ हरीला आणि हरीची तुळशीची माळ हराला घालतात. चातुर्मास संपला, सृष्टीचा कारभार आता विष्णूने सांभाळावा, असा तो भाव. मध्यरात्र उलटून जाते. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, छतांवर बायकापोरं असतात. मी लहानपणापासून त्या गर्दीत उभी राहिले आहे आणि तरीही जागरणाला नाकं मुरडत आले, कारण याला मी धर्म म्हणायची आणि त्याला चैन. त्याच आठवड्यात, देवप्रबोधिनी एकादशीपासून, कालिदास समारोह असतो, पं. सूर्यनारायण व्यासांच्या खटपटीतून १९५८ पासून तो चालत आला आहे. क्षिप्रेच्या काठी कार्तिक मेळा भरतो, त्यात कविसंमेलनही होतं आणि मुशायराही. देव, नाटक, कविता आणि खाऊ यांना या गावाने कधी वेगवेगळ्या रात्री वाटून दिल्या नव्हत्या. ती वाटणी आमच्या पिढीने केली.

२०२८ चा सिंहस्थ जवळ येतोय. रस्ते रुंद होतायत, केडी गेटकडची घरं मागे सरली. घाट, पूल, वाहनतळ यांच्या योजना होतायत, त्या हव्याच. पण सगळ्या योजनांत येणाऱ्या माणसाचा विचार आहे, राहणाऱ्या माणसाच्या संध्याकाळचा नाही. राहणाऱ्याला इथे संध्याकाळ उरली नाही तर तो जाणार, आणि हॉटेलांच्या वस्तीत माच कोण गाणार?

म्हणून ज्यांच्या हातात आहे त्यांना माझं एक मागणं आहे, अगदी साधं. त्रिवेणी संग्रहालय जयसिंहपुऱ्यातच आहे, गुरू बालमुकुंदांच्या मोहल्ल्यात. सूट मिळणाऱ्या १५ रात्रींपैकी एक रात्र होळीच्या सुमारास माचला द्या. संध्याकाळी सातला उघड्यावर, मातीवर खेळ सुरू होऊ दे, बारापर्यंत तिथेच चालू दे, आणि बारानंतर आत सभागृहात पहाटेपर्यंत. खुर्च्या नकोत, जाजम घाला. तिकीट नको. आसपासच्या मोहल्ल्यांत आधी घरोघर सांगा. आणि माझ्या जुन्या निवेदनावर ज्या बायकांनी सह्या केल्या होत्या त्यांना मी सांगते: हा नवा अर्ज मी लिहून ठेवला आहे, घरी या, वाचा, पटला तर सही करा.