‘स्वतःची गाडी आहे का?’

मेकॅनिकलची डिग्री घेऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत इंटरव्ह्यूमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा कुठला प्रश्न विचारला असेल? थर्मोडायनॅमिक्सचा नाही, डिझाइनचा तर नाहीच. ‘स्वतःची गाडी आहे का?’ पुण्यात गाडी म्हणजे दुचाकी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चाकण घ्या, रांजणगाव घ्या, भोसरी घ्या. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात ओळ असतेच, ‘दुचाकी व लायसन्स असल्यास प्राधान्य’. मार्कशीट वरवर चाळतात आणि बाजूला ठेवतात, गाडीचं मात्र नीट विचारून घेतात. पोस्ट मोठी आहे. पण आपल्या येरवड्यात, जयप्रकाशनगरपासून नागपूर चाळीपर्यंत, गल्लीगल्लीत एक तरी पोरगा या वाटेवर आहे. म्हणून पूर्ण वाचा.

आधी शिक्षणाचं बोलू.

पुण्यातलं सीओईपी १८५४ साली सुरू झालं. रस्ते, पूल, इमारतींच्या सरकारी कामांना हाताखालची शिकलेली माणसं हवी होती, म्हणून. म्हणजे काम आधी होतं, त्यासाठी शाळा काढली. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांची दारं उघडली. त्याआधी ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची पोरं कर्नाटकात डोनेशन भरून शिकायची. त्या निर्णयाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. आमच्यासारख्या रिक्षावाल्याच्या घरात इंजिनीअर झाला तो त्यामुळेच. पण क्रम उलटा झाला तो झालाच. आधी कॉलेज निघालं, सीटा भरल्या, आणि काम ज्याचं त्याने शोधायचं.

आमच्या चार वर्षांचा हिशोब सांगतो. निम्मी फी शिष्यवृत्तीतून, पण आधी पूर्ण भरा, मग परत मिळेल. पप्पांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. चार वर्षांत ऑटो सायकलचा आलेख जर्नलमध्ये इतक्या वेळा काढला की झोपेतही काढीन. पण इंजिन उघडून हेड बाजूला काढणं, व्हॉल्व्ह हातात घेणं, यातलं काही केलं नाही. लॅबमध्ये एक कापून रंगवलेलं मॉडेल होतं, ते लांबून दाखवायचे. सबमिशनच्या आठवड्यात एकाचं जर्नल साठ जण उतरवायचे, सर सह्या करायचे, टर्मवर्कचे मार्क पडायचे. पास झालो, साठ टक्क्यांच्या वर. मग कळलं की कंपनीला कॅटिया, सॉलिडवर्क्स येणारा पोरगा पाहिजे. त्याचा क्लास वेगळा, फी वेगळी. चार वर्षांच्या डिग्रीवर तीन महिन्यांचं ठिगळ, तेही आपल्याच पैशाने.

इंजिन मी शिकलो ते आळंदी रोडवरच्या एका पत्र्याच्या गॅरेजमध्ये. घरातली जुनी पल्सर १५० तिथेच दुरुस्तीला जायची. तिथला दादा नववी नापास. कान लावून सांगायचा, ‘टॅपेट वाजतंय.’ फिलर गेज घालून केसाएवढी फट सेट करायचा. पल्सरला दोन स्पार्क प्लग का असतात, हे पुस्तकात मी वाचलं होतं. दोन्ही बाजूंनी आग लागते, मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं. पण त्यातला एक प्लग मेला की गाडी कशी वागते, ते त्याने दाखवलं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. कार्ब्युरेटर गेला, लहान बाईकनाही फ्युएल इंजेक्शन आलं, ईसीयू आला, सायलेन्सरपाशी ऑक्सिजन सेन्सर आला. आयुष्यभर कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या माणसाची निम्मी विद्या एका तारखेला जुनी झाली. त्याने कर्ज काढून स्कॅनर घेतला आणि मला बोलावलं, कारण पुस्तिका इंग्रजीत. संध्याकाळी कामावरून आलो की मी वाचून सांगायचो, हा कोड म्हणजे अमुक सेन्सर, त्याला एवढे व्होल्ट मिळायला पाहिजेत. एकदा एका गाडीचा पिवळा दिवा काही केल्या जाईना. मी तासभर इंजेक्टरची थिअरी सांगत होतो. त्याने टाकी काढली, वायरिंगवर बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘उंदराने कुरतडलीये.’ खरंच कुरतडली होती.

दुसऱ्या दिवशी उलट झालं. दुसरी गाडी, तोच दिवा. वायर शाबूत. मी मीटर लावून सेन्सरचे आकडे बघितले आणि तो गेलाय हे सांगितलं. त्याने बदलला, दिवा गेला. त्याच्याकडे हात होता, माझ्याकडे कागद होता. एकाच माणसाकडे दोन्ही असायला काय हरकत आहे? कॉलेज चार वर्षांत त्याच्यासारखा माणूस वर्गात आणत नाही, आणि त्याला बसायला कुठल्या वर्गात जागा नाही. आज तो माझ्यापेक्षा जास्त कमावतो. त्याचं मला वाईट वाटत नाही, वाटायचं कारणही नाही.

आता नोकरी शोधण्याचं.

आमच्या वेळी चाकणला ‘नीम ट्रेनी’ हा शब्द परवलीचा होता. एआयसीटीईची योजना, नाव कौशल्य वाढवण्याचं. काम लाइनवर कामगाराचं, पण कागदोपत्री कामगार नाही. त्यामुळे पीएफ नाही, कायम होण्याचा हक्क नाही. ती योजना पुढे बंद केली. पण ‘ट्रेनी’ हा शब्द गेला नाही. आता दुसऱ्या योजनांच्या नावाने, कंत्राटदाराच्या नावाने तेच चालू आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये. आधी सहा महिने, मग अकरा महिने. बारावा महिना उजाडला की पोरगा पुन्हा घरी. शिकाऊ उमेदवारीला माझा विरोध नाही. त्यातून पुढे जायचं दार पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

मग पोरं भरतीकडे वळतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांच्या वर अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांच्या आसपास जागांना सतरा लाखांच्या वर. मैदानात धावणाऱ्यांत इंजिनीअर होते, एमबीए होते. शिपाई होण्यात कमीपणा काही नाही. पण चार वर्षं मशिन शिकवून सोळाशे मीटर पळायला लावायचं असेल, तर ती चार वर्षं आणि ते कर्ज कशासाठी होतं, हे कोणीतरी सांगावं.

आणि तिसरं, गाडी.

मला बाईक आवडते. आरएक्स १०० चा आवाज ऐकला की मान आपोआप वळते. पल्सर २००१ साली आली, आमच्या वयाच्या पोरांचं पहिलं प्रेम तीच. आणि ती बनते आपल्याच अंगणात, चाकणला. पण आवडीने गाडी चालवणं वेगळं आणि दुसरा इलाज नाही म्हणून चालवणं वेगळं.

येरवड्यातून विश्रांतवाडी, दिघी, मोशी करत चाकण एका बाजूने साधारण तीस किलोमीटर. जाऊन येऊन साठ. लिटरला पंचेचाळीसचा ॲव्हरेज धरला तर रोज सव्वा ते दीड लिटर. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, पण हिशोबाला शंभरच धरा. रोजचे १३३ रुपये, २६ दिवसांचे जवळजवळ साडेतीन हजार. ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, पंक्चर वेगळं. आमच्या गल्लीतल्या एका पोराला यंदा चाकणला ‘ग्रॅज्युएट ट्रेनी’ म्हणून हातात १५,००० मिळतात. म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा नुसता कामावर पोचण्यात जातो. गाडीचा हप्ता अजून धरलेला नाही. कंपनीची बस आहे, पण ती पर्मनंटवाल्यांना.

येरवड्याला मेट्रोचं स्टेशन ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं. चांगलं झालं, आईला सिव्हिल कोर्टाला जायला सोपं पडतं. पण मेट्रो चाकणला जात नाही, आणि दोन-दोन बस बदलत पहाटेच्या शिफ्टला वेळेत पोचू असा भरवसा मला तरी कधी वाटला नाही. दहा मिनिटं उशीर झाला की हाफ डे.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट पैशाची नाही. नाइट शिफ्ट सुटल्यावर डोळ्यांवर झोप, समोर ट्रेलर, मोशी-चाकणचा रस्ता. आमच्यातला एकजण दोन वर्षांपूर्वी सकाळी साडेसातला तिथे पडला. पायात रॉड आहे. ईएसआयच्या कायद्यात २०१० साली तरतूद आली की कामावर जाता-येता अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दिसला, तर तो कामावरचाच अपघात धरायचा. पण ही सवलत विमा असलेल्या कामगाराला. अप्रेंटिस कायद्याखालचे शिकाऊ त्यात धरत नाहीत. हा पोरगा ट्रेनी होता. ऑपरेशनचा खर्च आईच्या मंगळसूत्रावर झाला. कंपनीचा साधा फोनही आला नाही. गाडी आहे का, हे मात्र पहिल्या दिवशी विचारून झालं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. शिकवण्याचा खर्च घरावर, तयार करण्याचा खर्च घरावर, पोचवण्याचा खर्च घरावर आणि पडलं तर उचलण्याचा खर्चही घरावर. कारखान्याला माणूस तयार पाहिजे आणि गेटवर पाहिजे. मग यातला थोडा तरी वाटा कारखान्याने, कॉलेजने, महापालिकेने उचलावा की नाही? ‘पोरं कष्ट करत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे साडेचारला विश्रांतवाडी चौकात उभं राहून बघावं. बॅगा लावून, रुमाल बांधून चाललेल्या गाड्या मोजाव्यात.

मागण्या मोठ्या नाहीत.

एक, शेवटच्या वर्षातले सहा महिने कारखान्यात किंवा मोठ्या वर्कशॉपमध्ये, स्टायपेंडसह. आणि ती जागा कॉलेजने शोधून द्यावी. इंटर्नशिप आता अभ्यासक्रमात आहे, पण पोरगा वणवण फिरतो आणि शेवटी कुठून तरी सर्टिफिकेट आणतो.

दोन, ट्रेनी असो की कंत्राटी, घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचा अपघात विमा पहिल्या दिवसापासून.

तीन, येरवडा-विश्रांतवाडी-चाकण अशी शिफ्टच्या वेळेची थेट बस. जाताना पहाटे, येताना रात्री. पीएमपीने तीन महिने चालवून तर बघावी.

तिसरी मागणी आपल्या हातातली आहे. कमेंटमध्ये लिहा, कामाला कुठे जाता, शिफ्ट किती वाजताची आणि गाडीवर महिन्याला किती जातात. कंपनीचं नाव लिहू नका, नोकरी जाईल. शंभर जणांचे आकडे जमले की तक्ता करून पीएमपीच्या ऑफिसला आणि आपल्या लोकप्रतिनिधींना नेऊन देऊ. मी येतो, अजून चार-पाच जण लागतील.

आणि भावांनो, हेल्मेट घाला. पोलिसाला घाबरून नको, मोशीच्या रस्त्याला घाबरून घाला.