आर्नोकाठचे कोल्हापूर

इटलीतील फ्लॉरेन्स नगराशी कोल्हापूरचे नाते दीडशे वर्षांहून अधिक जुने आहे. एका तरुण राजाच्या मृत्यूमुळे ते जुळले आणि नदीकाठच्या एका स्मारकामुळे टिकून राहिले. आज कोल्हापूर, हुपरी, इचलकरंजी, सांगली या भागांतील व्यापारी घराण्यांतील माणसे कामानिमित्त, शिक्षणासाठी किंवा केवळ पर्यटन म्हणून युरोपात जातात. त्यांपैकी जो फ्लॉरेन्सला उतरतो, त्याला हे नाते बहुधा ठाऊक नसते. आणि ते ठाऊक होण्यापूर्वी पहिल्या दिवसाचा गोंधळ त्याला पार करावा लागतो.

रोमहून वेगवान गाडीने सुमारे दीड तासात सांता मारिया नोव्हेल्ला हे फ्लॉरेन्सचे मुख्य स्थानक येते. बाहेर पाऊल टाकताच ट्रामची घंटा, स्कूटरींचा कर्कश आवाज, दगडी फरशीवरून खडखडत जाणाऱ्या प्रवासी पेट्या आणि झेंडा उंच धरलेल्या वाटाड्यामागे धावणारे पर्यटकांचे तांडे यांचा एकच कोलाहल अंगावर येतो. जुन्या नगरातील गल्ल्या इतक्या अरुंद की पदपथावर दोन माणसे समोरासमोर आली, तर एकाला रस्त्यावर उतरावे लागते. या भागात परवान्यावाचून खासगी मोटार नेता येत नाही. प्रवेशाच्या जागी कॅमेरे असतात आणि भाड्याची मोटार घेऊन नकळत आत शिरणाऱ्याला दंडाची सूचना कित्येक आठवड्यांनी घरी येऊन गाठते.

पत्ता शोधणे ही पुढची परीक्षा. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर क्रमांकांच्या दोन माळा चालतात. राहत्या घरांना काळे किंवा निळे आकडे आणि दुकाने, उपाहारगृहे, पेढ्या यांना लाल आकडे. काळा पंचवीस आणि लाल पंचवीस एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात. कागदावर लाल क्रमांकापुढे इटालियन ‘र’चे अक्षर असते, ज्याला ते ठाऊक नाही, तो त्याच रस्त्यावर दोनदा फिरून भलत्याच दारावरची घंटा दाबतो. प्रवाशाला हा शुद्ध सावळागोंधळ वाटतो. पण महाद्वार रोडवर उतरलेला परदेशी पाहुणा गुजरीचा किंवा शुक्रवार पेठेचा पत्ता शोधू लागला, तर त्यालाही असेच वाटेल. पेठ, बोळ, तालीम आणि ‘अमक्यांच्या दुकानासमोर’ ही आपली पत्त्यांची रीत आपल्याला सरळ वाटते, कारण ती आपण बालपणापासून जाणतो. परक्या नगरातील अव्यवस्था ही बहुतेक वेळा आपल्याला न कळलेली व्यवस्था असते.

खरी चिंता मात्र पुढे आहे, आणि ती भोजनाची. मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न राहण्याचा नसतो; ‘तिथे जेवणाचे काय?’ हाच असतो. फ्लॉरेन्समध्ये या प्रश्नाला घड्याळाचीही बाजू आहे. तेथील बहुतेक उपाहारगृहांचे स्वयंपाकघर दुपारी तीनच्या सुमारास बंद होते आणि सायंकाळी सात-साडेसातला पुन्हा उघडते. जूनअखेरीस तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याची उन्हाळ्यात अडचण होत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी मात्र पावणेपाचच्या आतच सूर्यास्त होतो. तेव्हा चौविहार पाळणाऱ्याने सायंकाळच्या भोजनाची तजवीज दुपारीच करून ठेवली नाही, तर त्याला उपाशीच राहावे लागते.

पदार्थांतही सावधपणा हवा. ‘शाकाहारी’ हा शब्द तेथे पुरेसा नाही. पार्मिजानो हे प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातील द्रव्याने दूध फाडून करतात. तसा नियमच आहे. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. गव्हाच्या रव्याचा वाळवलेला पास्ता सामान्यतः अंड्यावाचून होतो. भाज्यांचे सार पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजते. म्हणून प्रवाशाने चार शब्द पाठ करून जावे: ‘सेंझा’ म्हणजे वाचून, ‘आल्यो’ म्हणजे लसूण, ‘चिपोल्ला’ म्हणजे कांदा, ‘फोर्माज्जो’ म्हणजे चीज. टोमॅटो, तुळशीच्या जातीचे बासिलिको आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावर केलेला पास्ता मागितला, तर सहसा नकार मिळत नाही. त्या प्रांताची पारंपरिक पाव-भाकरी मिठावाचून भाजलेली असते. पहिला घास अळणी लागतो, पण सोबतीला घरचे मेतकूट किंवा चटणी असली की पोट भरते. संकोचाने गप्प बसणारा उपाशी राहतो किंवा नको ते खातो. स्पष्ट व नम्रपणे विचारणाऱ्याची सोय बहुधा होते.

पोटाची व्यवस्था लागली की व्यापारी डोळा आपोआप उघडतो. आर्नो नदीवरचा ‘पोंते वेक्यो’ म्हणजे जुना पूल पाहून कोल्हापूरकराला गुजरीची आठवण न झाली तरच नवल. पुलाच्या दोन्ही बाजूंना सोन्याचांदीच्या पेढ्या दाटीने उभ्या आहेत. एके काळी या पुलावर खाटकांची दुकाने होती. १५९३ साली तेथील अधिपती पहिले फर्डिनांडो यांनी ती उठवून जागा सोनारांना दिली, आणि ती पेठ चारशे वर्षांनंतरही नांदते आहे. याच नगराने १२५२ साली ‘फ्लोरिन’ हे सुमारे साडेतीन ग्रॅम शुद्ध सोन्याचे नाणे पाडले आणि युरोपभरच्या बाजारांत ते पत राखून चालले. जवळच्या नव्या बाजाराच्या मंडपात फरशीत एक वर्तुळाकार दगड बसवलेला आहे. देणी बुडवणाऱ्या व्यापाऱ्याला तेथे भर बाजारात अपमानाची शिक्षा देत असत. पत गेलेल्या माणसाला बाजारात उभे राहता येत नाही, हे आपल्या पेठांनाही कोणी शिकवावे लागलेले नाही.

एवढे पाहून झाले की उजेड असतानाच प्रवाशाने नगराच्या पश्चिमेकडील ‘काशिने’ उद्यानाकडे वळावे. स्थानकापासून ट्राम तेथवर जाते. नदीकाठाने सुमारे साडेतीन किलोमीटर लांब पसरलेल्या या उद्यानाच्या अगदी शेवटच्या टोकाला मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. त्या संगमाशी एक छत्री उभी आहे, आणि छत्रीखाली पागोटे घातलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. राजर्षी शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज ते हे नव्हेत. शाहू महाराजांच्या पूर्वी, १८६६ साली गादीवर आलेले आणि ज्यांचे नाव राजाराम कॉलेजला लाभले, ते हे.

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे मानण्याच्या काळात १८७० साली ते विलायतेस गेले. त्यांच्या या प्रवासाची इंग्रजी दैनंदिनी त्यांच्यासमवेत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी संपादून १८७२ साली प्रसिद्ध केली. इंग्लंडमधील मुक्काम आटोपून महाराज परतीला निघाले, तेव्हा फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटलेले होते. म्हणून ते बेल्जियम, जर्मनीमार्गे इटलीत उतरले. वाटेत प्रकृती ढासळत गेली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे.

अनोळखी नगरात, भाषा न जाणणाऱ्या मंडळींपुढे आता एकच प्रश्न होता: अंत्यसंस्कार कसा करायचा? सोबतच्या हिंदू सेवकांच्या दृष्टीने दहनाला पर्याय नव्हता. इटलीत मात्र मृतदेह पुरण्याचीच रीत होती. त्या देशातील पहिले आधुनिक दहन मिलानमध्ये व्हायला १८७६ साल उजाडायचे होते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते. मंडळींनी आपली निकड सांगितली आणि नगराने परवानगी दिली. संगमाची जागा निवडली गेली, रात्रीच्या वेळी चिता रचली गेली आणि महाराजांचे दहन झाले. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे नद्यांच्या संगमातून पंचगंगा होते आणि पुढे तिच्याच घाटावर राजघराण्यातील पुरुषांच्या समाध्या आहेत. घरापासून हजारो मैलांवर त्या मंडळींना निदान दोन प्रवाहांचा संगम तरी मिळाला.

१८७४ साली तेथे स्मारक उभे राहिले. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्री मेजर मँट यांच्या आराखड्याची. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी रेखला, तेच हे मँट. त्यामुळे नव्या राजवाड्याच्या कमानी आणि घुमट पाहत वाढलेल्या माणसाला ही छत्री प्रथमदर्शनीच ओळखीची वाटते. चारही बाजूंना चार भाषांतील लेख आहेत.

सकाळी एका आकड्यासाठी भांबावलेला प्रवासी सायंकाळी त्या छत्रीसमोर उभा राहतो, तेव्हा नगर तेच असते. त्याची दृष्टी मात्र बदललेली असते. लसूण-कांद्यावाचून जेवण मागणे आणि परक्या भूमीत चितेसाठी जागा मागणे यांत प्रमाणाचे अंतर फार मोठे आहे, पण मागण्याची रीत एकच आहे. आपला आचार काय आहे, हे लपवायचे नाही, त्याचा तोरा मिरवायचा नाही. यजमानाला समजेल अशा शब्दांत तो सांगायचा. मुलांना परदेशी धाडताना शिदोरीत खाकरे आणि चटणी बांधून दिली जाते. त्यासोबत ही रीतही द्यावी.

त्या संगमाजवळून आर्नो ओलांडणारा, जाड तारांवर तोललेला एक मोठा रस्तापूल १९७८ साली पूर्ण झाला. नगरवासी त्याला ‘पोंते आल्लिंदियानो’ म्हणजे भारतीयाकडचा पूल म्हणतात. रोज त्यावरून जाणाऱ्या बहुतेकांना तो भारतीय कोण, हे ठाऊक नसेल. कोल्हापूरहून गेलेल्या माणसाला ते ठाऊक असायला हवे.