परक्या पंगतीची रीत

माझा भाऊ नोकरीसाठी जपानला निघाला, तेव्हा आईला एकच काळजी: परक्यांच्या पंगतीत पोराला कुणी अडाणी म्हणू नये. मी तिला मोबाईलवर इंटरनेट शिकवले. माईकचे चिन्ह दाबायचे, मराठीत विचारायचे, मिळालेले उत्तर दोन-तीन ठिकाणी ताडून पाहायचे.

आई चकितच झाली! तिथे नूडल्स आवाज करत भुरकलेल्या चालतात. पण भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, कारण तसा भात मृतापुढे ठेवतात.

आई म्हणाली, “आपल्यात तरी दक्षिणेला तोंड करून कुठं जेवतात? ती यमाची दिशा. रीत एकच की!”

मुलांनो, परक्या रीतीला हसण्याआधी तिचे कारण शोधा. आता कोगनोळीत बसूनही ते सापडते.