खिंडीतला आदित्य

२ जुलै २०२४ रोजी ‘आदित्य-एल१’ने एल१ बिंदूभोवतीची आपली पहिली हॅलो कक्षा पूर्ण केली. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी या कक्षेत दाखल झाले होते. एका फेरीस सुमारे १७८ दिवस लागतात. या काळात त्याचा मार्ग २२ फेब्रुवारी आणि ७ जून अशा दोन वेळा इंजिने चालवून सुधारावा लागला. २ जुलैला तिसरी सुधारणा झाली आणि दुसरी फेरी सुरू झाली. आनंदाची बातमी आहे, आणि ती देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. मात्र ती सांगताना अनेक ठिकाणी एक स्पष्टीकरण ठरावीकपणे जोडले जाते : एल१ येथे सूर्य आणि पृथ्वी यांची ओढ परस्परांना रद्द करते आणि म्हणून यान तेथे स्थिर राहते. या स्पष्टीकरणाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. त्यांतील दुसरा भाग माझ्या संशोधनाच्या विषयाला भिडतो, म्हणून हे दीर्घ टिपण.

पहिला भाग आधी निकाली काढू. एल१ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेने आहे. म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक टक्का. तेथे पृथ्वीची ओढ सूर्याच्या ओढीच्या जेमतेम चौतिसावा हिस्सा भरते. दोन्ही ओढी समान होतात ती जागा पृथ्वीपासून सुमारे २ लाख ६० हजार किलोमीटरवर, चंद्राच्याही अलीकडे आहे आणि तिचा एल१शी संबंध नाही. खरे कारण असे : सूर्याच्या अधिक जवळ फिरणारी वस्तू पृथ्वीहून लवकर प्रदक्षिणा पूर्ण करते. पण पृथ्वी मागून किंचित ओढत असेल, तर सूर्याची परिणामी ओढ तेवढीच घटते आणि प्रदक्षिणेचा वेग मंदावतो. जेथे हा काळ नेमका एक वर्ष होतो, ती जागा एल१. सूर्य आणि पृथ्वी यांच्यासह फिरणाऱ्या चौकटीतून पाहिले, तर तेथील वस्तू थबकलेली दिसते. ऑयलरने १७६७च्या सुमारास एका रेषेवरचे असे तीन बिंदू शोधले आणि १७७२मध्ये लाग्रांजने उरलेल्या दोन बिंदूंची भर घातली.

आता ‘स्थिर’ या शब्दाकडे वळू. मी काही वर्षांपासून तंजावरात राहते. येथील बाजारात गोल, जड बुडाच्या राजा-राणीच्या बाहुल्या मिळतात. बोटाने आडवी करावी, सोडावी, की ती डोलत डोलत पुन्हा उभी राहते. बाहुलीचा गुरुत्वमध्य बुडाच्या अर्धगोलाच्या केंद्राखाली असतो. ती कोणत्याही बाजूस कलली तरी तो वर उचलला जातो. उभी स्थिती म्हणजे स्थितिज ऊर्जेची सर्वांत खालची जागा, वाटीचा तळ. शालेय पुस्तकांत याला स्थायी समतोल म्हणतात. ‘स्थिर बिंदू’ हा शब्द कानी पडताच आपल्या मनात उभे राहते ते या बाहुलीचेच चित्र.

एल१ बाहुलीसारखा नाही. त्याच्यासाठी अचूक शब्द मराठीत आधीपासून आहे : खिंड. खिंडीत उभे राहिलात की डावी-उजवीकडे डोंगर चढत जातो, आणि पुढे-मागे वाट उतरत जाते. एका दिशेने पाहता ती सर्वांत खालची जागा, दुसऱ्या दिशेने पाहता सर्वांत वरची. फिरत्या चौकटीत एल१च्या आसपास ऊर्जेचा आकार नेमका असा आहे. सूर्य-पृथ्वी रेषेवरून जरा सरकलात, की उतार आणखी दूर नेतो. रेषेला लंब दिशेने सरकलात, तर उतार परत आणतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर मराठी जेव्हा कावेरीच्या या सपाट खोऱ्यात आली, तेव्हा ‘खिंड’ हा शब्दही तिच्यासोबत आला असणार; येथे मात्र त्याला दाखवायला एकही डोंगर नव्हता. त्याच राजघराण्यातील दुसरे सरफोजी यांनी जगाचा भूगोल शिकवण्यासाठी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक मराठीत रचले. आधुनिक ज्ञान मराठीत मांडण्याचा उद्योग या गावात दोनशे वर्षांपूर्वीच सुरू झाला होता, एवढे नमूद करून पुढे जाते.

खिंडीतून घसरण किती वेगाने होते, हे आकड्यांत पाहू. सूर्य-पृथ्वी एल१पाशी घसरणीच्या दिशेने झालेली चूक सुमारे २३ दिवसांत २.७ पट होते, म्हणजे साधारण १६ दिवसांत दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांसारखा हा हिशेब आहे. १७८ दिवसांच्या एका फेरीत अकरा वेळा दुप्पट : आरंभी एक किलोमीटर असलेली चूक दोन हजार किलोमीटरच्या पुढे जाते. फेब्रुवारी आणि जूनमधल्या सुधारणांचे मूळ यातच आहे. बाहुली सोडून निघून जाता येते. आदित्यला सोडून जाता येत नाही. बेंगळूरुतील नियंत्रण कक्षात ज्यांनी हे सहा महिने यानाचे स्थान मोजत, पुढचा मार्ग काढत घालवले, त्यांचे काम ‘यान तेथे स्थिर राहते’ या वाक्यात पुसले जाते.

मग अशा घसरत्या जागी वेधशाळा ठेवायचीच कशाला? तेथून सूर्य ग्रहणाविना, अखंड दिसतो, हे एक. यान नेमके एल१वर न ठेवता भोवती फिरवत ठेवले जाते, कारण मधोमध असते तर पृथ्वीवरील अँटेनाला त्याच्यामागे थेट सूर्य दिसला असता आणि सूर्याच्या रेडिओ-गोंगाटात यानाचा क्षीण आवाज बुडाला असता. परंतु सर्वांत सुंदर कारण गणिती आहे. हॅमिल्टनने १८३४-३५मध्ये मांडलेल्या गतिशास्त्रात स्थान आणि संवेग यांच्या जोड्या असतात, आणि गती त्या जोड्यांची एक विशिष्ट भूमिती जपते. तिचा एक परिणाम असा, की ज्या दराने एखादी वाट समतोलापासून दूर जाते, नेमक्या त्याच दराने आत येणारी दुसरी वाट असलीच पाहिजे. घसरण जितकी तीव्र, तितकीच तीव्र आपोआप जवळ आणणारी पन्हाळ. यान त्या आत येणाऱ्या वाटेवर सोडता आले, तर ते खिंडीपर्यंत जवळजवळ फुकट पोहोचते. इंधन खाणारी अस्थिरता आणि इंधन वाचवणारी वाट ही एकाच गोष्टीची दोन तोंडे आहेत.

गेल्या महिन्यात एका व्याख्यानात एवढे सांगून झाल्यावर पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी मागे थांबली. “मॅडम, तुम्ही ज्या प्रमेयांवर काम करता, त्यांतले एखादे तरी आदित्यला लागले का?” प्रश्नात खोच नव्हती. तिच्यापुढे एकीकडे नोकरी होती, दुसरीकडे पीएच.डी.ची पाच वर्षे. घरची शेती कावेरीच्या पाण्यावर चालणारी, आणि पाणी दरवर्षी येतेच असे नाही. माझ्या उत्तरावर तिचा निर्णय काही अंशी अवलंबून होता. अशा वेळी राष्ट्रीय यशाच्या उजेडात आपला विषयही उजळून घेण्याचा मोह होतो. तो टाळून मी तिला जो हिशेब सांगितला, तो येथे मांडते.

पहिला स्तर : लाग्रांजचे बिंदू आणि त्यांच्याजवळच्या गतीचे रेषीय विश्लेषण. हे लागतेच, त्यावाचून मोहिमेचा आराखडाही होत नाही. दुसरा स्तर : आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटांची भूमिती. प्वांकारेने १८९०च्या त्रिपिंड-प्रबंधात तिचा पाया घातला, कॉन्लीने १९६८मध्ये खिंडीतून जाणारे कमी ऊर्जेचे मार्ग उलगडले, आणि २००१मध्ये निघालेल्या नासाच्या ‘जेनेसिस’ यानाचा मार्ग या भूमितीच्या आधारे आखला गेला. १८९० ते २००१, म्हणजे एकशे अकरा वर्षे.

तिसरा स्तर माझ्या कामाचा : आवर्ती कक्षा असतातच, हे सिद्ध करणाऱ्या भूमितीय आणि विचरणीय पद्धती. यांची कल्पना अशी. प्रत्येक बंद वक्राला ‘क्रिया’ नावाची एक संख्या जोडता येते. सारे वक्र मिळून एक अनंतमितीय प्रदेश मानला, तर क्रिया म्हणजे त्या प्रदेशातील उंची, आणि निसर्गात घडू शकणाऱ्या कक्षा म्हणजे जेथे उतार शून्य आहे अशा जागा. याला ‘किमान क्रियेचे तत्त्व’ म्हणण्याची प्रथा दिशाभूल करते. बंद कक्षांसाठी ही उंची वरही अमर्याद जाते आणि खालीही. तळ नसतोच, शोधायच्या असतात त्या खिंडीच. त्या शोधण्याची युक्ती मात्र गावकऱ्यालाही समजेल. डोंगराच्या दोन बाजूंना दोन गावे आहेत. त्यांना जोडणाऱ्या सगळ्या वाटा घ्या, प्रत्येकीचा सर्वांत उंच बिंदू नोंदवा, आणि त्यांतला सर्वांत खालचा निवडा. तीच खिंड. अँब्रोसेत्ती आणि राबिनोविट्झ यांनी १९७३मध्ये ही युक्ती अनंत मितींत नेली. १९७८मध्ये राबिनोविट्झने अशाच विचरणीय मार्गाने हॅमिल्टनीय प्रणालींच्या एका मोठ्या वर्गात आवर्ती कक्षा सिद्ध केल्या. ऐंशीच्या दशकात कॉन्ली, झेंडर आणि फ्लोअर यांनी या वाटेला नवी भूमिती दिली. २०१२मध्ये आल्बर्स, फ्राउएनफेल्डर, फान कूर्ट आणि पाटर्नाइन यांनी दाखवले, की त्रिपिंड प्रश्नाच्या एका सरल रूपात, पहिल्या लाग्रांज बिंदूच्या ऊर्जेखाली आणि तिच्या किंचित वरही, या भूमितीची साधने लागू पडतात.

यातले काही आदित्यला लागले का? नाही. आदित्यची हॅलो कक्षा त्रिमितीय आहे. वरचे प्रमेय प्रतलीय प्रश्नाचे आहे. शिवाय अस्तित्वाचे प्रमेय कक्षा आहे एवढेच सांगते, ती कोठे आहे हे बहुधा सांगत नाही. अभियंत्याला आकडे हवेत, आणि ते संगणकच देतो. हे मी तिला याच शब्दांत सांगितले. त्यापुढे हेही सांगितले, की संगणक आपण जेथे शोधतो तेथलेच दाखवतो. न शोधलेल्या प्रत्येक ऊर्जेवर काय असलेच पाहिजे आणि काय असूच शकत नाही, हे प्रमेयावाचून कळत नाही. तो निराळ्या जातीचा प्रश्न आहे, आणि ज्याला तो सतावतो त्यानेच या वाटेला यावे. प्वांकारेच्या एकशे अकरा वर्षांचा दाखला देऊन ‘आज ना उद्या उपयोग होईलच’ असे आश्वासन मी दिले नाही, कारण उपयोगी पडलेली प्रमेयेच आपल्या लक्षात राहतात. न पडलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. तिने अजून काहीही ठरवलेले नाही आणि मी तिला विचारलेलेही नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शेवटी एक काम सुचवते. फिरत्या चौकटीतील गतीची समीकरणे लिहून ती एल१पाशी रेषीय करा. तिसऱ्या वर्षाचे गणित पुरते. चार घातांक मिळतील : दोन शुद्ध काल्पनिक, आणि दोन वास्तव, परस्परांचे ऋण. वर्षातील दिवसांना २π ने भागल्यास मिळणारे ५८ दिवस हे कालाचे एकक धरले, तर वास्तव घातांकाची किंमत सुमारे २.५ येईल. ५८ला तिने भागा; वर दिलेले २३ दिवस तुमच्याच वहीत उतरतील. मग चिन्ह बदलून दुसरा घातांक पाहा. आदित्य आत आला ती वाट तेथे आहे.