हेडरबद्दल माझं मत का बदललं

प्रत्येक पानाचा हेडर त्या पानासाठीच घडवावा, असं मी बरीच वर्षं मानत आलो. मथळा, त्याखालची ओळ, उजवीकडची बटणं; एवढ्याशा जागेत पानाचा स्वभाव कळतो. तिथे तयार कम्पोनंट बसवला की सगळी पानं एका साच्यातली होतील, ही भीती मला खरीच वाटायची. आजही ती पुरती गेलेली नाही.

मत बदललं ते दिसण्यावरून नाही, ऐकण्यावरून. स्क्रीन रीडर वापरणारे अनेकजण मथळ्यामथळ्यावरून पुढे जात पानाचा अंदाज घेतात. एका साइटवर मी तसंच करून पाहिलं. एका पानाचा मथळा एचवन, दुसऱ्यावर नुसता मोठ्या अक्षरांतला डिव्ह, तिसऱ्यावर एचवन लोगोला दिलेला. डोळ्यांना तिन्ही पानं नेटकी. कानांना मात्र दर पान म्हणजे परकं गाव. वरच चिकटून राहणाऱ्या हेडरचंही तसंच. टॅबने फिरताना फोकस त्याच्याखाली दडू शकतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी यासाठी स्वतंत्र निकष घातला. हेडर एकच असेल तर ही दुरुस्ती एकदा करायची. पानोपानी वेगळा असेल तर कुठलं तरी पान राहून जाणारच.

ब्रिटनचं उदाहरण मला फार पटतं. राजे चार्ल्स गादीवर आल्यावर गव्ह डॉट यूके या सरकारी साइटच्या हेडरमधला मुकुट फेब्रुवारी 2024 मध्ये बदलला. कम्पोनंट थेट वापरणाऱ्या सेवांना नवी आवृत्ती घेऊन एक पर्याय चालू करायचा होता. ज्यांनी एचटीएमएल उचलून आपल्याकडे ठेवलं होतं, त्यांना ते हाताने बदलावं लागलं.

एक अट मात्र मी सोडणार नाही. हेडरमध्ये पर्यायावर पर्याय कोंबू नयेत. गिटहबच्या प्रायमर या डिझाइन सिस्टममधला पेजहेडर मथळा, बटणं, नॅव्हिगेशन यांना वेगळ्या जागा देतो आणि आत काय ठेवायचं ते त्या त्या पानावर सोपवतो. पानाचा स्वभाव तिथे टिकतो.

तुमच्या टीममध्ये हेडर बनत असेल, तर रंग आणि अंतरं ठरवण्याआधी मथळ्याची पातळी आणि टॅबचा क्रम ठरवा, आणि तो हेडर एकदा डोळे मिटून स्क्रीन रीडरवर ऐका.