निडाचं पाणी

फळ्यावर एक वर्तुळ काढायचं, मधोमध टिंब द्यायचं आणि त्या टिंबापासून चहूकडे वाकड्यातिकड्या रेघा ओढायच्या. "ही केंद्रत्यागी नदीप्रणाली. उदाहरण लिहा : जर्मनीतला फोगल्सबेर्ग. एटनासारखा एक प्रचंड ज्वालामुखी, आता मृत. त्याच्या माथ्यावरून नद्या सर्व दिशांना वाहतात." बेळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवताना तीस वर्षं मी हे असंच सांगत आलो. मुलं खाली माना घालून लिहून घेत. सर, तुम्ही तो पाहिलाय का, असं एकानंही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बहुधा रागावलो असतो. भूगोलाच्या मास्तरानं जग पाहिलेलं असावं, अशी अपेक्षा आमच्या काळी कुणी करत नसे. नकाशा भिंतीवर सरळ टांगता आला की झालं.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, २०२२ च्या ऑगस्टात, मी फ्रँकफर्टला लेकीकडं गेलो. ती राहते ते ह्योख्स्ट म्हणजे शहराचं पश्चिमेकडचं टोक. घरापासून थोडं चालत गेलं की निडा नावाची एक लहानशी नदी माइन नदीला मिळते ती जागा लागते. त्या उन्हाळ्यात तिकडं पाऊस असा नव्हताच. बागांतली हिरवळ वाळून गव्हाच्या काडासारखी पिवळी पडली होती. राईन नदीला पाणी कमी, म्हणून मालवाहू जहाजं पुरती भरता येत नाहीत, असं जावई सांगत होते. मी निडाच्या काठी बाकावर नकाशा उघडून बसलो आणि बोट नदीवरून उलटं नेत नेत गेलो. ते जाऊन थांबलं माझ्या फळ्यावरच्या टिंबावर.

"बाबा, तिथं बघण्यासारखं काही नाही," लेक म्हणाली. "आल्प्स बघू या की. सगळे तेच बघतात."

"म्हणूनच," मी म्हटलं.

रविवारी निघालो. आगगाडीनं निडा याच नावाच्या गावापर्यंत आणि पुढं बसनं. बसच्या मागं सायकली वाहायला ट्रेलर जोडलेला. लोक सायकलीसकट वर जातात आणि उतारानं घरंगळत खाली येतात. वर जायचे कष्ट सरकारी गाडीला. मी खिडकीतून डोंगर शोधत होतो. गव्हाची कापलेली शेतं गेली, मग कुरणं आली, मग बीचची जंगलं. रस्ता किंचित चढतोय एवढंच कळत होतं. शेवटी न राहवून विचारलं, "अगं, डोंगर कुठाय?" ती हसली. "बाबा, अर्धा तास झाला, आपण डोंगरावरच आहोत."

फोगल्सबेर्ग हा असा आहे. अडीच हजार चौरस किलोमीटरचा पसारा, पण पालथ्या घातलेल्या परातीसारखा. मध्य युरोपात एकसंध बेसॉल्टचा एवढा मोठा पट्टा दुसरा नाही. त्याचं सर्वांत उंच शिखर ताउफश्टाइन, उंची ७७३ मीटर. बस जिथं सोडते ते होहेरोड्सकोप्फ त्याहून दहाएक मीटर ठेंगणं. आता आमचं बेळगावच समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. म्हणजे ज्या उंचीवर मी आयुष्यभर पिशवी घेऊन भाजी आणायला जातो, साधारण त्याच उंचीवर उभं राहून आजूबाजूची मंडळी दुर्बिणीतून खालचा मुलूख बघत होती. उंची ही शेवटी आपण कुठून वर आलो त्यावर ठरते. फ्रँकफर्ट शंभर मीटरवर आहे, त्या माणसांना हा डोंगर वाटणारच.

पण हवा मात्र डोंगराची. पश्चिमेकडून येणारे ढग इथं अडतात. पायथ्याच्या वेटराउ नावाच्या सखल, सुपीक पट्ट्यात वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस, तर वरच्या ओबरवाल्ड या जंगलपठारावर बाराशेच्या आसपास. हिवाळ्यात बर्फ. खाली गहू आणि साखरेचं बीट, वर नुसतं गवत, बटाटे आणि दगड. शेतातले दगड वेचून बांधाला रचायचे, त्या दगडांत झुडपं उगवायची, आणि मग प्रत्येक कुरणाला आपोआप कुंपण. हे बांध बघताना खानापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ते आपल्या आज्यानं घातलेत असं वाटलं असतं. माती पातळ, थंडी फार. एकोणिसाव्या शतकात इथली पुष्कळ कुटुंबं उपाशीपोटी अमेरिकेला निघून गेली. आज तिथं पवनचक्क्या गरगरतात.

पायथ्याच्या शॉटन गावात २०१७ साली उघडलेलं ज्वालामुखीचं एक संग्रहालय आहे. उतरताना तिथं गेलो आणि तिथं माझी विकेट पडली. फोगल्सबेर्ग हा एक ज्वालामुखी नव्हेच! साधारण एक कोटी नव्वद लाख ते दीड कोटी वर्षांपूर्वीच्या काळात इथं जागोजागी जमीन फाटून लाव्हा आला, राख उडाली, ती थंड झाली, तिच्यावर झाडं उगवली, पुन्हा कुठंतरी शेजारी फाटलं, पुन्हा थर. असे शेकडो लहानमोठे उद्रेक. एटनासारखा एकच उंच पर्वत होता आणि तो झिजून उरला, ही जुनी कल्पना भूवैज्ञानिकांनी केव्हाच सोडून दिली आहे. १९९६ मध्ये माथ्याजवळ साडेसहाशे मीटर खोल भोक पाडून थरांचे नमुनेही काढले आहेत. मी तिथं एका काचेसमोर उभा राहिलो आणि तीस वर्षांच्या दहावीच्या तुकड्या डोळ्यांसमोरून गेल्या. एक टिंब चुकलं होतं. रेघा मात्र बरोबर होत्या, हे त्यातल्या त्यात समाधान. निडा आणि निडर दक्षिणेकडं माइनला, ओम पश्चिमेला वळून लान नदीला, श्वाल्म उत्तरेला, ल्यूडर पूर्वेला फुल्डाकडं. माथ्यावरून राईन आणि वेसर या दोन मोठ्या नद्यांचा जलविभाजक जातो. तरी आमच्याकडच्यासारखी मजा नाही. आमच्या कणकुंबीला मलप्रभेत पडलेला थेंब बंगालच्या उपसागराला जातो आणि पलीकडच्या ओढ्यात पडलेला म्हादईतून गोव्याला, अरबी समुद्राला. इथले दोन्ही थेंब शेवटी उत्तर समुद्रातच. भांडायला जागा कमी, असं मला वाटलं. तेही चुकीचंच निघालं.

पण त्याआधी दगडाविषयी थोडं. बिल्श्टाइन नावाचा एक उघडा कडा आहे. जंगलातून चालत गेलो आणि समोर काळाकभिन्न, खांबाखांबांचा दगड. हात लावला. ही तर काळवत्री! आमच्या देवळांच्या पायऱ्यांची, जात्यांची, पाट्या-वरवंट्याची काळवत्री. दख्खनचा बेसॉल्ट याच्याहून फार म्हातारा, साडेसहा कोटी वर्षांचा, आणि पसाऱ्यानं दोनशेपट. पण जात एकच. गाइझलश्टाइन नावाच्या दुसऱ्या एका खडकात लोहचुंबकाचे कण इतके, की त्याच्याजवळ होकायंत्राची सुई बहकते. मी मुद्दाम शाळेतलं जुनं होकायंत्र नेलं होतं. खडकाजवळ धरलं, सुईनं उत्तर सोडली. लहान मुलासारखा चारदा करून बघितला मी तो खेळ. पश्चिमेच्या लोन्डॉर्फ भागातला सच्छिद्र बेसॉल्ट तर कोलोनच्या प्रसिद्ध कॅथीड्रलच्या दुरुस्तीला वापरला गेला. गावं गरीब, पण दगड भाग्यवान.

आणि लाल माती! पश्चिम उतारावर, लिख गावाच्या बाजूला, नांगरलेल्या शेतात ती दिसली तेव्हा मी जावयांना गाडी थांबवायला लावली. (हे दुसऱ्या रविवारी. आता मला चटक लागली होती.) बेसॉल्ट उबदार, दमट हवेत लाखो वर्षं कुजला की त्यातली सिलिका वाहून जाते, लोह आणि अॅल्युमिनियम मागं राहतं, आणि जांभा तयार होतो. जर्मनीत जांभा कसा? तर त्या काळी तिथली हवाच तशी होती. याच मातीतून विसाव्या शतकात तिथं बॉक्साइट काढलं जाई, जवळच्या म्युके भागात लोखंडाचं खनिजही. ज्या शहरातल्या एका रस्त्याचं नावच बॉक्साइट रोड आहे, तिथल्या माणसाला याचं काय वाटलं असेल, ते बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. मातीचं ढेकूळ बोटांत चुरलं. वास मात्र वेगळा होता; किंवा त्या वर्षी पावसाचा वासच त्यात नव्हता.

आता पाणी. दोन लाव्हाथरांच्या मध्ये राखेची, कुजलेल्या मातीची पातळ चादर असते. भेगाळलेल्या बेसॉल्टमधून झिरपणारं पाणी त्या चादरीवर अडतं आणि कुठंतरी उतारावर झरा होऊन बाहेर येतं. असे मजल्यामजल्यांचे साठे, आणि सर्वांत खाली, कडेच्या भागात, मोठा खोल साठा. वाढत्या फ्रँकफर्टनं १८७३ मध्येच नळ घालून या डोंगरातलं आणि शेजारच्या श्पेसार्टमधलं झऱ्यांचं पाणी शहरात नेलं. पुढं विसाव्या शतकात पायथ्याला खोल विहिरी पाडून पंप लागले. शहर वाढलं, पंप वाढले, आणि काही खोऱ्यांतले ओढे आटले, पाणथळ कुरणं कोरडी पडली. गावकरी उठले. भांडण वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा नव्वदच्या दशकापासून भूजलाची पातळी ठरल्यापेक्षा खाली गेली की उपसा कमी करायचा, असा दंडक बसू लागला. वाद अजून मिटलेला नाही. २०१८ नंतर एकामागून एक कोरडे उन्हाळे आले आणि ऊल्रिखश्टाइन या गावाला, जे हेसन राज्यातलं सर्वांत उंचावरचं शहर, टँकरनं पाणी पुरवावं लागलं.

टँकर! हा शब्द लेकीनं जर्मन बातमीतून वाचून दाखवला तेव्हा मी दोनदा विचारलं. ज्या डोंगराचं पाणी फ्रँकफर्ट दीडशे वर्षं पितंय, त्याच्या माथ्यावर टँकर?

आम्ही ऊल्रिखश्टाइनला गेलो. पडक्या किल्ल्याच्या टेकडीखाली एक आजीबाई बागेत पिंपातलं पाणी झारीनं घालत होत्या. लेकीनं बोलणं काढलं. मला वाटलं, आता शहरवाल्यांना शिव्या ऐकायला मिळणार. खरं सांगायचं तर मी त्याचसाठी आलो होतो. आजीबाई म्हणाल्या, "आमचे झरे वरचे, उथळ. पाऊस नाही पडला की ते आटतात. त्यांच्या विहिरी खाली, खोल. आमचं पाणी त्यांनी नेलं असं नाही म्हणता येणार." मग थोडं थांबून, "पण आमच्याकडं टँकर यायचा त्या दिवशीही त्यांच्या गाड्या धुतल्या जात होत्या."

परतताना मी गप्प होतो. लेकीला वाटलं दमलो. मला आमचं परडं दिसत होतं.

१९८७ साली मी घरामागं बोअरवेल मारली. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून. तोवर आमची आणि शेजारच्या काकूंची, दोन्ही घरं त्यांच्या विहिरीवर पाणी भरत. जांभ्यात खणलेली, पंचवीस-तीस हातांची विहीर. काकूंनी कधी नको म्हटलं नाही. पण उन्हाळ्यात दोरखंड त्या दोन कोळश्यांनंतर काढून ठेवत, तेवढं मला झोंबे. बोअरला दीडशे फुटांवर काळ्या कातळात पाणी लागलं, गल्लीत पेढे वाटले. तिसऱ्या उन्हाळ्यात काकूंची विहीर आटली. पुढल्याही. त्यांनी नळाचं कनेक्शन घेतलं, नगरपालिकेचं पाणी येईल तेव्हा रात्री दोनला उठून भरू लागल्या. मला एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. मी स्वतःशी म्हणत असे, गल्लीत आणखी चार बोअर झाल्यात. पाऊसही कमी झालाय. माझ्या पाण्याचा थर वेगळा, खालचा. भूगोलाच्या मास्तराला असली कारणं चटकन सुचतात. त्यातलं खोटं असं काहीच नव्हतं. वरच्या जांभ्यातलं पाणी बोअरच्या कडेनं खाली उतरतं, वरची केसिंग नीट बसवली नसेल तर हमखास, हेही मला ठाऊक होतं. केसिंगमध्ये मी दोन पाइप वाचवले होते.

घरी पोचल्यावर लेकीनं नळाखाली पेला भरून पुढं केला. फ्रँकफर्टचं पाणी तीन-चार ठिकाणांहून येऊन मिसळलेलं असतं, त्यात फोगल्सबेर्गचं किती ते सांगता येत नाही. गार होतं, गोड होतं. मी पिऊन टाकलं.

ऑक्टोबरात बेळगावला परतलो. काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर मुलानं नवीन बांधलं, विहीर मात्र बुजवली नाही. तिच्यावर लोखंडी जाळी आहे, आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपानं त्यानं तिच्यात सोडलंय. दिवाळीचा फराळ घेऊन गेलो तेव्हा जाळीतून डोकावलो. तळाला आकाशाचा तुकडा दिसत होता.

"किती आहे रे?"

"दोन पुरुष असेल. पण राहत नाही काका, फेब्रुवारीत खडखडाट."

मी त्याला फोगल्सबेर्गची हकिगत सांगितली, तो चुकीचा ज्वालामुखी, होकायंत्र, टँकर, सगळं. तो मन लावून ऐकत होता. मग मी दोन पाइपांचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली.