मोत्याचे दात

लहान कुत्रे पाळणे सोपे, असा पुष्कळांचा समज असतो. ते जागा थोडी अडविते, खातेही थोडे. घरच्या ताटात उरलेल्या चार घासांवर त्याचे सहज निभते. आमच्या टाकवे बुद्रुक गावी, आंदर मावळाच्या या भातपिकाच्या मुलखात, ते चार घास बहुधा भाताचेच असतात. भाताला मी दोष देत नाही. पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती कुत्र्याच्या अंगी लांडग्याहून पुष्कळ अधिक आहे, असे 2013 साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. तथापि निव्वळ दूधभातावर कुत्र्याचे पोषण होत नाही, हेही तितकेच खरे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते मोत्याने. मोत्या हा आमच्या शेजारच्या आजोबांचा कुत्रा. वजन जेमतेम सहा किलो. आजोबा एकटे राहत. दुपारी चारला चहा झाला की बशीत बिस्किटे भिजवून ते त्याला भरवीत. आठ बिस्किटे तर नित्याचीच. एवढ्याशा जीवाला दिवसास सुमारे 350 ते 400 कॅलरी पुरतात, आणि त्यांतील 150 हून अधिक त्या बशीतच संपत. मग मांस, अंडी यांना पोटात जागा उरावी कोठून? आजोबांची माया खोटी नव्हती. मोत्याला दुसरे काही लागते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आजोबा वारल्यावर मोत्या आमच्याकडे आला. त्याच्या तोंडाला दुर्गंधी येई. घास उचलून तो एकाच बाजूने चावी व मध्येच टाकून देई. एके दिवशी गालाला हात लावताच तो एका मुलाच्या अंगावर धावून गेला. झाले! ‘चावरा झाला, कान्हे फाट्यावर नेऊन सोडा,’ असा सल्ला चोहोकडून येऊ लागला. मी त्याला तळेगावी पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी भूल देऊन नऊ दात काढले, उरलेल्यांवरील कीटण खरवडले. दहा दिवसांत मोत्या गालाला हात लावू देऊ लागला. मुका जीव दात दुखतो म्हणून सांगणार कसा? दुखत असतानाही तो खातच असतो. म्हणून घरच्यांना वाटते, सारे ठीक आहे.

विद्यार्थी मित्रहो, कुत्र्याला दुधाचे 28 व पक्के 42 दात असतात. आपल्याहून दहा अधिक. धिप्पाड कुत्र्याला 42 आणि मोत्यालाही 42! चिमुकल्या जबड्यात त्यांची दाटी होते, फटींत अन्न अडकते. दातांवर जमणारा चिकट थर लाळेतील क्षारांमुळे दोनतीन दिवसांतच कठीण होऊ लागतो आणि हिरड्या सुजतात. माणसासारखी कीड कुत्र्याच्या दाताला क्वचितच लागते. घात होतो तो हिरड्यांचा. म्हणून दात रोज घासावेत. मऊ ब्रश व कुत्र्यांसाठी मिळणारी पेस्ट घ्यावी. आपली पेस्ट तो गिळतो व ती त्याला बाधते. हाड चघळले की दात स्वच्छ होतात, ही समजूत मला मुळीच मान्य नाही. शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि फार कठीण हाडाने दातच फुटतो. परक्या कुत्र्याच्या तोंडात मात्र कधीही हात घालू नये; आपल्या कुत्र्यालाही रेबीजची लस वेळेवर टोचवावी.

मोत्या आता उकडलेली कोंबडी हाडे काढून, थोडा भात, भोपळा व कधी अंडे असे खातो. मांसात चुना फार थोडा असल्याने तो किती घालावा, हे पशुवैद्यांनी ठरवून दिले आहे. आमच्या रश्श्याचा थेंबही त्याला देत नाही. कांदालसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात. मनुका आणि लोणावळ्याहून पाहुणे आणतात तो चॉकलेटचा फज, हे तर त्याला विषच. ‘एवढासा तुकडा!’ असे पाहुणे म्हणतात. पण सहा किलोच्या देहात तो तुकडा एवढासा राहत नाही.

दात घासण्याचे काम माझ्या कन्येकडे आहे. पहिले आठ दिवस तिने नुसती पेस्ट बोटावर चाटविली, मग ब्रश दाखविला. आता मोत्या स्वतःच ओठ वर करू देतो. चारच्या सुमारास मात्र तो अजून आजोबांच्या बंद दारापाशी जाऊन बसतो. ती तेथे जाऊन उकडलेल्या गाजराचा तुकडा त्याच्यापुढे धरते. तो आधी दाराकडे पाहतो, मग गाजर खातो आणि तिच्यामागून घरी येतो.